बुधवारी कॅमेरा, गुरुवारी पाना

प्रस्तावना

मोशीत राहणाऱ्या माणसाच्या एका हाताला भोसरी एमआयडीसी आणि दुसऱ्या हाताला, इंद्रायणीचा पूल ओलांडला की, चाकणचा पट्टा. या दोन्हींच्या मधल्या घरांत आठवडा रविवारी संपत नाही, गुरुवारी संपतो. विजेचा भार एकाच दिवशी सगळीकडे येऊ नये म्हणून औद्योगिक वसाहतींना साप्ताहिक सुट्टीचे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. महावितरणही देखभालीची मोठी कामं बहुतेक गुरुवारीच काढतं. कारखान्यातला मेंटेनन्सवाला आठवडाभर साठलेली कामं त्याच दिवशी उरकतो. बेअरिंग बदलायचं, पॅनेलमधली धूळ ब्लोअरने उडवायची, टाकी धुवायची. आणि वर्षातून एकदा थर्मल कॅमेरा घेऊन येणाऱ्या माणसाला बोलवायचं, तेही गुरुवारीच, कारण त्याच दिवशी सगळ्यांना सवड असते.

या पुस्तिकेचं सगळं म्हणणं इथूनच सुरू होतं. थर्मल कॅमेरा उष्णता टिपतो. गुरुवारी यंत्रं बंद, केबलमधून प्रवाह नाही, सैल झालेला सांधाही गार पडलेला. त्या दिवशी काढलेल्या चित्रात कुठलाही कारखाना निर्दोष दिसेल. अहवालात ‘सर्व ठीक’ असं येईल, तो फाइलला लागेल, विमा कंपनीकडे जाईल, आणि शुक्रवारी पहिल्या पाळीला प्रेस सुरू झाल्या की तोच सांधा पुन्हा तापू लागेल. म्हणून तपासणी बुधवारी, भर पाळीत, यंत्रं पूर्ण भारावर असताना व्हावी. दुरुस्ती गुरुवारी, लाइन बंद असताना. आणि शुक्रवारी त्याच जागेचं, तेवढ्याच भारावर, दुसरं चित्र काढावं. यातला तिसरा दिवस आपल्याकडे जवळजवळ कुणीच पाळत नाही. मला विचाराल तर पहिल्या दोन दिवसांचा खर्च वसूल होतो की नाही, ते हा तिसरा दिवसच ठरवतो.

आता कॅमेऱ्याविषयी. ज्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर आहे अशी प्रत्येक वस्तू किरण बाहेर टाकत असते: भिंत, मोटर, माणूस, बर्फसुद्धा. आपल्या रोजच्या तापमानाला या किरणांची तरंगलांबी साधारण १० मायक्रॉनच्या आसपास असते. डोळ्याला दिसणारा प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा, त्यामुळे हे सगळं आपल्या नजरेबाहेर राहतं. १८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडून एकेका रंगात तापमापक ठेवला. तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सर्वात वर चढला. १८४० साली त्यांचा मुलगा जॉन हर्शेल याने अल्कोहोलच्या बाष्पीभवनाचा उपयोग करून उष्णतेचं पहिलं ओबडधोबड चित्र कागदावर उमटवलं. पुढची शंभरेक वर्षं हे ज्ञान प्रयोगशाळेत आणि नंतर सैन्यात फिरत राहिलं. नागरी कामासाठी विकला गेलेला पहिला थर्मल कॅमेरा स्वीडनमध्ये १९६५ साली आला आणि त्याचं पहिलं काम होतं उच्चदाबाच्या वीजवाहिन्या तपासणं. म्हणजे सांधे शोधणं हा या उपकरणाचा नंतर सापडलेला जोडधंदा नाही. तो त्याच्या धंद्याचा आरंभच आहे.

तेव्हाचे कॅमेरे द्रवरूप नायट्रोजनने थंड ठेवावे लागत. मायक्रोबोलोमीटर आले आणि ती कटकट संपली. व्हॅनेडियम ऑक्साइडचे १२ ते १७ मायक्रॉनचे ठिपके, पडणाऱ्या किरणांनी प्रत्येक ठिपक्याचा विद्युतरोध किंचित बदलतो, आणि त्या बदलांवरून चित्र तयार होतं. भिंग काचेचं चालत नाही, कारण ८ ते १४ मायक्रॉनचे किरण काच अडवते. ते जर्मेनियमचं असतं. कॅमेऱ्याची किंमत चढते त्याचं हे एक कारण. तरीही आज साधा कॅमेरा दुचाकीच्या किमतीत येतो आणि मोबाइलला जोडायचा त्याहूनही स्वस्तात.

इथे एक घोटाळा आधीच दूर करतो, कारण तो आपल्या भागात हमखास होतो. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या छत्राखाली १९९० साली उभी राहिलेली बीईएल ऑप्ट्रॉनिक डिव्हायसेस ही कंपनी भोसरी एमआयडीसीत आहे. सैन्याच्या रात्री पाहण्याच्या उपकरणांत बसणाऱ्या इमेज इंटेन्सिफायर नळ्या तिथे तयार होतात. भोसरीच्या कितीतरी घरांत या कामाची माहिती आहे आणि म्हणून अनेकांना वाटतं की थर्मल कॅमेरा म्हणजे तेच. तसं नाही. ती नळी चांदण्यातला असेल तेवढा प्रकाश हजारो पटींनी वाढवते. पूर्ण अंधारात तिला वाढवायला काही मिळत नाही. थर्मल कॅमेऱ्याला बाहेरच्या प्रकाशाची गरजच नाही, वस्तू स्वतः जे टाकते तेच तो घेतो. याच पुणे–नाशिक रस्त्याने नारायणगावापर्यंत गेलं की खोडदला जीएमआरटीच्या ३० तबकड्या मीटरभर लांबीच्या लहरी पकडताना दिसतात. तबकडी, कॅमेरा आणि आपला डोळा ही सगळी एकाच वर्णपटाची वेगवेगळ्या ठिकाणची दारं आहेत. हे ध्यानात राहिलं की कॅमेऱ्याकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, याचा अंदाज येतो.

मागायचं नाही ते हे: भिंतीच्या आत पाहणं. मोशीच्या प्रदर्शन केंद्रात औद्योगिक प्रदर्शन भरलं की कॅमेऱ्याच्या स्टॉलवर विक्रेता गिऱ्हाइकाला टेबलावर तळहात टेकवायला लावतो, उचलायला लावतो आणि पडद्यावर हाताचा उजळ ठसा दाखवतो. लोक चकित होतात आणि ‘भिंतीपलीकडचं दिसतं का?’ असं विचारतात. त्या ठशातच उत्तर आहे. हात गेला तरी टेबलाच्या पृष्ठभागावर ऊब राहिली, ती दिसली. कॅमेरा फक्त पृष्ठभाग पाहतो. आत काय चाललं आहे त्याची खूण पृष्ठभागापर्यंत पोहोचली तरच ती मिळते. खुणेवरून आतलं ताडणं हे माणसाचं काम आहे.

एक पॅनेल जवळून पाहू. भोसरीतलं एक प्रेसशॉप, मुख्य पॅनेलच्या इनकमरला, म्हणजे वीज आत येते तिथे, २५० अँपिअरचा एमसीसीबी (सर्किट ब्रेकर). क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेजना जवळपास १४० अँपिअर, म्हणजे भार समतोल. कॅमेऱ्यात आर फेजचं टर्मिनल ५१ अंश, वाय ५३ आणि बी ९६. बी फेजचा रंग लगपाशी, म्हणजे केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडापाशी, सर्वात उजळ, आणि केबलवरून दूर जाताना हळूहळू मावळत गेलेला. हे मावळणं नीट पाहायला शिकलं पाहिजे. उष्णता लगच्या सांध्यात तयार होते आणि केबलमधून लांब वाहत जाते, म्हणून तिथून रंग उतरतो. तीच केबल लांबीभर एकसारखी उजळ असती तर दोष सांध्यात नसून केबल भाराच्या मानाने बारीक आहे असं म्हणावं लागलं असतं. दोन्हींचा आकडा एकच, ९६ अंश. दुरुस्ती मात्र अगदी वेगळी. नुसता आकडा टिपून जाणाऱ्याला हे कळत नाही.

गुरुवारी लाइन बंद केली, टेस्टरने खात्री केली, अर्थिंग लावलं आणि नट सोडला. ॲल्युमिनियमचा लग तांब्याच्या पट्टीवर थेट आवळलेला होता. केबलवर तो क्रिंपिंग टूलने न दाबता हातोडीने ठोकलेला, त्याच्या अंगावर घाव दिसत होते. स्प्रिंग वॉशर नव्हताच. निळ्या स्लीव्हचा काठ तपकिरी पडून कडक झाला होता, नख लावलं की तुकडा निघत होता. ॲल्युमिनियमवर हवेने ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. त्यात ॲल्युमिनियम तापल्यावर तांब्यापेक्षा जास्त फुगतं. रोज पाळी सुरू झाली की फुगायचं, सुटली की आकसायचं, असं होत होत सांधा सैल होतो; सैल झाला की रोध वाढतो, रोध वाढला की आणखी तापतो. बायमेटॅलिक लग बसवला, टूलने दाबला, टॉर्क पान्याने आवळला. शुक्रवारी तेवढ्याच १४० अँपिअरवर बी फेज ५४ अंश.

या साऱ्या काळात एमसीसीबी ट्रिप झाला नव्हता आणि होणारही नव्हता. हे फार महत्त्वाचं आहे आणि घराघरांत कळायला हवं. एमसीबी, एमसीसीबी, फ्यूज हे प्रवाह वाढला तर तोडतात. आरसीसीबी प्रवाह जमिनीत गळला तर तोडतो. सैल सांध्यात प्रवाह वाढत नाही, गळतही नाही. तो ठरल्याप्रमाणे वाहतो आणि वाहता वाहता एका नखाएवढ्या जागी उष्णता साठवतो. आपण बसवलेल्या कुठल्याही साध्या संरक्षक उपकरणाला ते समजत नाही. शेवटी इन्सुलेशन जळतं, दोन तारा चिकटतात आणि मग जे व्हायचं ते होतं. पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ लिहिलं जातं. ते शेवटच्या क्षणापुरतं खरंही असतं, पण त्याआधीचे कित्येक महिने कुणी पाहिलेले नसतात.

३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे इथून जवळच, चिखलीच्या पूर्णानगरात, हार्डवेअरच्या एका दुकानाला आग लागली आणि आत झोपलेलं कुटुंब, आईवडील आणि दोन मुलं, गेलं. पहिला अंदाज शॉर्टसर्किटचा सांगितला गेला. कॅमेरा असता तर ते वाचले असते असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, आणि तसं म्हणून कॅमेऱ्याची जाहिरात करणं मला मान्य नाही. पण खाली दुकान, वर किंवा मागे घर, एकच मीटर, वीस वर्षांची वायरिंग आणि तिच्यावर नव्याने चढलेला एसी, ही रचना मोशी–चिखली–कुदळवाडीत गल्लोगल्ली आहे. तिथल्या मेन स्विचकडे एकदा तरी कुणी भर भारावर पाहावं, एवढी इच्छा ही पुस्तिका लिहिण्यामागे आहे.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याखाली दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचा रोख पंप, हायड्रंट, धूरशोधक, अग्निशामक नळकांडी चालू आहेत की नाही यावर असतो. ते हवंच. मात्र ते आग लागल्यानंतरचं शहाणपण आहे. सांधा तापतो आहे की नाही हे पाहणं त्याच्याआधीचं काम, आणि ते मालकाने स्वतः होऊन करायचं आहे.

मोठ्या उपकरणांचं काय होतं हेही आपण पाहिलं आहे. मार्च २०२२ मध्ये भोसरीच्या २२० केव्ही अतिउच्चदाब उपकेंद्रातला महापारेषणचा एक मोठा ट्रान्स्फॉर्मर बिघडला आणि भोसरी–आकुर्डी भागातली घरं आणि कारखाने अंधारात गेले. तो कशामुळे गेला यावर मी इथे काही म्हणत नाही. ट्रान्स्फॉर्मरकडे कॅमेऱ्याने कसं पाहावं एवढं मात्र सांगतो, कारण त्यात नवख्याची नजर उलट्या दिशेला जाते. नवखा लाल ठिपका शोधतो. ट्रान्स्फॉर्मरच्या रेडिएटरमध्ये सगळ्या पंखांतून तेल फिरत असेल तर ते सगळे एकमेकांसारखे उबदार दिसतात. एखादा पंख गार दिसला, की त्यात तेल फिरत नाही, व्हॉल्व्ह बंद राहिला आहे किंवा तेलाची पातळी उतरली आहे. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या एपीएफसी पॅनेलमध्ये तेच. चालू असलेल्या कपॅसिटरच्या ओळीत एखादा थंडगार असेल तर तो निरोगी नाही, तो मेलेला आहे आणि त्याचं काम शेजारचे ओढत आहेत. फ्यूज उडालेली फेजही गारच दिसते. चित्रात गारव्याला शाबासकी देऊ नये.

याउलट न्यूट्रल. कॉम्प्युटर, एलईडी दिवे यांच्यासारख्या एका फेजवरच्या उपकरणांमुळे विजेत हार्मोनिक्स, म्हणजे मूळ लहरीच्या पटीतले प्रवाह, येतात. त्यातले तिसऱ्या पटीचे प्रवाह तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द न करता साठतात. जुन्या हिशेबाने बारीक टाकलेली न्यूट्रलची तार फेजपेक्षा जास्त तापलेली दिसते. तळवड्याच्या आयटी इमारतींत काम करणाऱ्या वायरमनला हे सांगावं लागत नाही. भोसरीतल्या जुन्या कारखान्यात जिथे आता कॉम्प्युटर आणि एलईडी दिवे आले आहेत, तिथे मात्र न्यूट्रलकडे अजून कुणी पाहत नाही.

किती फरक म्हणजे गंभीर? अमेरिकेतल्या नेटा या चाचणी संस्थेचं कोष्टक जगभर वापरलं जातं. सारख्या भारावरच्या सारख्या दोन भागांत १ ते ३ अंश फरक असेल तर शंका, ४ ते १५ असेल तर दोष संभवतो, १५ च्या वर असेल तर ताबडतोब दुरुस्ती. कोष्टक चांगलं आहे, पण भार विचारल्याशिवाय ते वापरणं धोक्याचं. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. निम्म्या भारावर १० अंश वाढ दिसली तर पूर्ण भारावर ती ४० च्या जवळपास जाऊ शकते. म्हणून भार किमान ४० टक्के असल्याशिवाय तपासणी करू नये असा दंडक आहे, आणि प्रत्येक चित्राखाली अँपिअर लिहिलेच पाहिजेत. अँपिअर नसलेला अहवाल मी वाचत नाही. मोटरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन ठरल्या तापमानाच्या १० अंश वर चालवलं तर त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. तिथे काही अंशांना किती किंमत आहे ते यावरून कळावं.

पुस्तिकेतलं सर्वात लांब प्रकरण एमिसिव्हिटीवर, म्हणजे पृष्ठभागाच्या उत्सर्जकतेवर आहे. वाचकाने ते टाळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. विटा, प्लॅस्टर, रंग, रबर, माणसाची त्वचा हे सगळे ०.९ च्या वर. जेवढे तापलेले तेवढे जवळजवळ पूर्ण दिसतात. घासून चकचकीत केलेलं तांबं किंवा ॲल्युमिनियम मात्र ०.०५ च्या आसपास. १०० अंशांवरची चकचकीत बसबार कॅमेऱ्यात गार दिसते, कारण तिच्यावरून येणारं बहुतेक सगळं परावर्तन असतं: समोरच्या भिंतीचं, छताचं, कधी तपासणाऱ्याच्या स्वतःच्या अंगाच्या उबेचं. बाजूला सरकलं की जो गरम ठिपका आपल्याबरोबर सरकतो तो आपलाच असतो. उपाय साधे आहेत. लाइन बंद असताना गुरुवारीच बसबारवर ठरावीक जागी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून ठेवावी, बुधवारी त्या टेपचं तापमान वाचावं. नाहीतर धातूऐवजी त्याला लागून असलेली स्लीव्ह पाहावी. पॅनेलवर ॲक्रिलिकची पारदर्शक शीट लावलेली असते, तिच्यातून डोळ्याला सगळं दिसतं आणि कॅमेऱ्याला फक्त शीट दिसते. काचेचंही तसंच. शीटवरून घेतलेली चित्रं अहवालात लावलेली मी पाहिली आहेत. अशा अहवालाचे पैसे देऊ नयेत.

बाहेरच्या लाइनीवर अडचण अंतराची. १६० गुणिले १२० ठिपक्यांचा, ५० अंश दृष्टिकोनाचा कॅमेरा १० मीटरवरून पाहताना एका ठिपक्यात साडेपाच सेंटिमीटर जागा घेतो. भरवशाचं तापमान यायला वस्तूने किमान तीन ठिपके व्यापायला हवेत, म्हणजे सोळा-सतरा सेंटिमीटर. २२ केव्हीच्या डीपीवरचा (दोन खांबांच्या चौकटीवरचा) जंपरचा सांधा त्याहून कितीतरी लहान. मग त्याचं तापमान मागच्या आकाशाच्या गारव्यात मिसळून सरासरी कमी दिसते. खांबावरचं काम जास्त ठिपक्यांच्या आणि लांब भिंगाच्या कॅमेऱ्याचंच आहे. वारा असेल तर तोही उष्णता उडवून नेतो. पावसाळ्यातल्या वाऱ्यात घेतलेली चित्रं फसवी असतात.

छतावरच्या सोलरची गोष्ट उलटी. तिथे भर ऊन हवं: चौरस मीटरला किमान ६०० वॅट सूर्यप्रकाश असताना तपासावं असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. तडकलेला, सावलीत राहिलेला किंवा कबुतरांच्या विष्ठेने झाकलेला सेल वीज देण्याऐवजी खातो आणि तापतो. चाकणमधल्या मोठ्या शेडवर ड्रोनने हे काम चटकन होतं.

आता घरं. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या मोशीत शेतं होती तिथे आज टॉवर आहेत, आणि तिथल्या सेक्रेटरींचा पहिला प्रश्न विजेचा नसतो, गळतीचा असतो. इमारतींच्या थर्मल तपासणीची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिलेली आहेत. तिथे घरातली ऊब कुठून निसटते ते शोधायचं असतं, त्यासाठी आतबाहेर १० अंशांचा फरक लागतो. मोशीत तो फरक एसी लावल्याशिवाय मिळत नाही आणि ऊब निसटण्याची आपल्याला चिंताही नाही. आपला शत्रू पाणी. ओलसर भिंतीतून पाणी उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओल कॅमेऱ्यात गार डाग होऊन दिसते. पण भर पावसाळ्यात हवाच दमट, बाष्पीभवन मंदावलेलं, आणि गळती सर्वात जास्त असताना डाग सर्वात फिका. पाऊस थांबून ऑक्टोबरची कोरडी उन्हं पडली की तोच डाग ठळक उमटतो. गच्चीचं गणित वेगळं. ब्रिकबॅट कोब्यात पाणी मुरलेलं असेल तर दिवसभर तापलेली ती जागा सूर्यास्तानंतर उशिरा निवते, आणि भोवतालचा कोरडा भाग गार झाला तरी ओला भाग उबदार दिसतो. एकच पाणी, भिंतीवर गार, गच्चीवर गरम. वेळ माहीत नसेल तर निष्कर्ष उलटा निघतो.

बाथरूमच्या कॉमन भिंतीमागे गळणारी लाइन गरम पाण्याची आहे का, हे शोधायला गिझर चालू करून नळ दहा-पंधरा मिनिटं सोडावा. पाइपचा मार्ग प्लॅस्टरवर रेघेसारखा उमटतो आणि जिथे पाणी झिरपतं तिथे रेघ फुगून पसरते. टाइल फोडण्याआधी हे करावं. थंड पाण्याची लाइन किंवा टाइलचे सांधे असतील तर कॅमेरा फक्त जागा सुचवतो. आर्द्रतामापक टेकवून आणि बाथरूममध्ये पाणी तुंबवून पाँडिंग टेस्ट करून खात्री करावीच लागते. नुसता गार डाग म्हणजे ओल नव्हे, तो एसीच्या झोताचा असू शकतो, आतल्या काँक्रीटच्या कॉलमचाही असू शकतो. हे रहिवाशाने जाणून घ्यावं, कारण रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष दाखवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तारीख, वेळ, हवेची आर्द्रता आणि आर्द्रतामापकाचा आकडा जोडलेलं चित्र तिथे वजनदार ठरतं. नुसता रंगीत फोटो ठरत नाही.

सोसायटीच्या मीटररूमला बुधवार–गुरुवार लागू नाही. तिथला पूर्ण भार एप्रिल–मे महिन्यात, रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान, सगळ्यांचे एसी सुरू असताना येतो. आता त्यात पार्किंगमधले चार्जिंग पॉइंटही आले. कमिटीने कॅमेरावाल्याला त्या वेळी यायला लावावं, त्याने जास्त पैसे मागितले तरी द्यावेत.

मोशीचं नाव बाहेर अनेकांना कचरा डेपोमुळे माहीत आहे. उन्हाळ्यात डेपोला आग लागल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायच्या आणि खिडक्या लावून घ्यायच्या, हे इथल्या लोकांनी सोसलं आहे. ओला कचरा आतल्या आत कुजताना तापतो, मिथेन सुटतो, आणि धूर दिसायच्या आधी ढिगाचा पृष्ठभाग जागोजागी गरम होऊ लागतो. जगात अनेक कचराभूमींवर ड्रोनवरच्या थर्मल कॅमेऱ्याने असे गरम पट्टे नेमाने शोधले जातात. १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथल्या कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्रकल्पाचं उद्घाटन झालं. त्याची क्षमता १४ मेगावॉट. त्यामुळे नव्या कचऱ्याला वाट मिळाली. जुना ढीग तापतो आहे का, हे मार्चपासून जूनपर्यंत दर आठवड्याला पाहावं, अशी मागणी मोशीच्या नागरिकांनी महापालिकेकडे लावून धरायला हवी. त्याचा खर्च एका आगीच्या खर्चापुढे काहीच नाही.

पुस्तिकेची मांडणी सरळ आहे. सुरुवातीची प्रकरणं कॅमेरा आणि पृष्ठभागांविषयी, मधली पॅनेल, ट्रान्स्फॉर्मर, मोटर, भट्टी यांविषयी, शेवटची घरांविषयी. भट्टीच्या प्रकरणात इंडक्शन फर्नेसच्या अस्तराची झीज बाहेरून कशी ओळखायची हे सविस्तर दिलं आहे, कारण चाकण–भोसरीतल्या लहान फाउंड्रींना दुसरीकडे ते मराठीत मिळणार नाही. सेक्रेटरींनी शेवटून वाचायला सुरुवात केली तरी चालेल. एमिसिव्हिटीचं प्रकरण मात्र सगळ्यांनी वाचावं.

एक गोष्ट प्रकरणांत कुठे तरी हरवू नये म्हणून इथेच लिहितो. चालू पॅनेलचं दार उघडणं कॅमेरावाल्याचं काम नाही. ४१५ व्होल्टच्या उघड्या बसबारसमोर स्क्रू निसटला किंवा उंदराने कुरतडलेली तार हलली तरी आर्क उडतो, त्याचं तापमान हजारो अंशांचं असतं आणि माणसाला मागे सरायलाही वेळ मिळत नाही. दार त्या आस्थापनेच्या परवानाधारक वीजतंत्र्यानेच उघडावं. त्याच्या अंगावर आर्कला टिकणारे कपडे, तोंडावर ढाल, हातात त्या व्होल्टेजचे रबरी हातमोजे आणि पायाखाली रबरी मॅट असावी, कॅमेरावाल्याने त्याच्या मागे हातभर नव्हे तर चांगलं अंतर ठेवून उभं राहावं. यातलं काहीही कमी असेल तर त्या दिवशी तपासणी करू नये.